उन्हाचा पाटकरी

उपग्रहांनी मोजलेल्या उन्हाचा नकाशा उघडला, की धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे जवळपास एकाच रंगात दिसतात. चौरस मीटरमागे दिवसाला सरासरी पाच ते साडेपाच युनिट. साक्रीत थोडं जास्त, सातपुड्याच्या कुशीत थोडं कमी, पण फरक शेकड्यात पाच-दहाच्या पलीकडे जात नाही. जर्मनीत हाच आकडा तीनच्या आसपास असतो, आणि तरीही तिथली घरं पत्र्यापासून गोठ्यापर्यंत पॅनेलांनी झाकलेली आहेत. म्हणजे ऊन हा आपला प्रश्न कधीच नव्हता. अक्षयतृतीयेला भर दुपारी साक्रीच्या बसस्थानकावर उभं राहिलेल्या माणसाला हे सांगायला उपग्रह लागत नाही.

तरीही प्रश्न विचारला जातो. पुण्या-नाशिकची, हल्ली सुरतेचीही, मंडळी दोन-चार एकर घेऊन ‘तारेशिवाय’ राहण्याची स्वप्नं पाहतात आणि विचारतात, की सोलरसाठी कोणता भाग चांगला? साक्री, शिरपूर, चोपडा, की थेट धडगाव? प्रश्न रास्त आहे, फक्त त्याचं उत्तर ते शोधतात त्या नकाशात नाही. सारखंच ऊन पडणाऱ्या दोन गावांपैकी एकात वीस वर्षं दिवा जळतो आणि दुसऱ्यात पॅनेलवर शेवग्याच्या शेंगा वाळत पडतात. हे का होतं, ते पाहायला साक्रीइतका सोयीचा तालुका नाही. पूर्वेला माळरान, पश्चिमेला डोंगर आणि जंगल, मधून सुरतेकडे जाणारा महामार्ग, डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या, माळावर सौरप्रकल्प आणि पांझरा-कानच्या काठांवर फडाची जुनी बागाईत. सगळे नमुने एकाच तहसीलदाराच्या हद्दीत.

सुरुवात मोठ्या आकड्यांपासून करू, कारण साक्रीचं नाव सौरऊर्जेत घेतलं जातं ते त्यांच्यामुळेच. तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. एक ७५ मेगावॅटचा भाग, दुसरा ५० मेगावॅटचा. त्या काळी देशातल्या मोठ्या सौरप्रकल्पांत त्याची गणना होत असे. पैसा आला जर्मनीच्या ‘केएफडब्ल्यू’ या विकास बँकेच्या कर्जातून. आपल्या निम्म्याहून थोडंच जास्त ऊन असलेल्या देशाने साक्रीच्या उन्हाला कर्ज दिलं, यात गंमत आहेच. पण ऊन ओळखायलाही आधी त्याची टंचाई भोगावी लागत असेल कदाचित.

एक मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते आणि आपल्याकडे वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट वीज मिळते, असा साधारण हिशेब आहे. त्या हिशेबाने १२५ मेगावॅटची पूर्ण क्षमतेची वर्षाची वीज वीस कोटी युनिटच्या घरात जाते. २०११ च्या जनगणनेत साक्री तालुक्याची लोकसंख्या साडेचार लाखांवर होती. म्हणजे माणशी चारशेहून अधिक युनिट. खेड्यातल्या पाच जणांच्या कुटुंबाला ही वीज वर्षभर वापरूनही संपणार नाही. कागदावर साक्री तालुका कधीच स्वयंपूर्ण झाला आहे. प्रत्यक्षात ती वीज उपकेंद्रातून उच्चदाब वाहिनीवर चढते आणि राज्याच्या सामाईक जाळ्यात मिसळून जाते. शेजारच्या शिवारात रात्री पाणी भरणाऱ्याला कुंपणापलीकडच्या पॅनेलांचा वेगळा काही लाभ होत नाही. त्याचं वेळापत्रक त्याच्या फीडरवर ठरतं. आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले रात्री, आणि तेही आठ तास.

रात्रीची थ्री फेज हे खान्देशातल्या शेतकऱ्याचं जुनं दुखणं. थंडीत गव्हाला पाणी द्यायला बाराच्या पुढे बॅटरी घेऊन निघायचं, पायाखाली काय वळवळतं ते पाहायचं, उसाच्या कडेने जाताना बिबट्याच्या भीतीने खोकत-बोलत चालायचं. ‘लाईट ऊनी का?’ हा अहिराणीतला प्रश्न घराघरात रात्री उठून विचारला गेला आहे. दिवसा वीज मिळण्याचं मोल शहरातल्या माणसाला युनिटच्या दरात कळणार नाही. शेतीच्या बाबतीत सौरऊर्जेचा खरा गुण स्वस्ताई हा नाहीच. ती दिवसा येते, हा तिचा गुण.

शिवाजीनगरच्याच तालुक्यात ब्राह्मणवेल आहे. तिथल्या आणि आसपासच्या पठारांवर २००० नंतरच्या दशकात पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली, इतकी की धुळे जिल्ह्याचं नाव देशातल्या सर्वांत मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत घेतलं जाऊ लागलं. सह्याद्रीची रांग इथे संपत येते आणि खिंडीखिंडींतून पावसाळी वारा आत घुसतो. पवनचक्क्या खऱ्या अर्थाने धावतात त्या जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकं ढगांनी पॅनेलं निम्म्यावर आणलेली असतात तेव्हा. पाऊस सरला, वारा पडला, की ऊन कामाला लागतं. वर्षाचे बाराही महिने निसर्गाने असे वाटून दिलेला तालुका विरळा. कुणाला खरंच ‘कुठे ऊर्जा चांगली’ याची तुलना करायची असेल, तर साक्रीच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पण दोन्ही प्रकल्प तालुक्यासाठी आखलेलेच नाहीत, त्यामुळे हा मेळ साक्रीच्या घरांपर्यंत पोचत नाही.

शिवाय पवनचक्क्यांची एक दुसरी बाजू आहे. त्यांच्यासाठी वनजमीन वळवण्यात आली आणि त्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींनी सत्यशोधक चळवळीच्या झेंड्याखाली दीर्घ लढा दिला. पट्टा कुणाच्या नावावर, सातबारा कुणाचा, ‘वन’ म्हणजे काय, ही भांडणं वाऱ्याच्या वेगाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत.

सौरप्रकल्पाच्या जमिनीबाबतही हेच. सरकारी कागदात जी ‘पडीक’ असते ती ठेलाऱ्यांच्या लेखी चराई असते. धुळे जिल्ह्यातले हे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात; मधल्या काळात माळ मोकळा दिसतो, आणि नेमका तेव्हा त्याचा सर्व्हे होतो. कुंपण पडलं की त्यांना लांबून वळसा घ्यावा लागतो. सौरप्रकल्पाला विरोध करा असं मी म्हणत नाही. गायरानाचा हिशेब मांडताना मेंढरांचाही मांडा, एवढंच.

आणि विखरणचा उल्लेख टाळून खान्देशातल्या सौरऊर्जेवर लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. साक्रीला लागूनच शिंदखेडा तालुका. तिथल्या विखरणचे धर्मा पाटील, वय ८४. त्यांची पाच एकर जमीन दोंडाईचाच्या नियोजित औष्णिक वीजप्रकल्पासाठी घेण्यात आली आणि हाती सुमारे चार लाख रुपये आले. शेजारच्यांना कितीतरी पट अधिक मोबदला मिळाला, आपल्या विहिरीची-झाडांची नोंद नीट झाली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कार्यालयांचे उंबरे झिजवून २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. औष्णिक प्रकल्प झाला नाही. ती जमीन पुढे सौरप्रकल्पाकडे वळवण्यात आली. कोळसा गेला, ऊन आलं. जमीन घेण्याची रीत मात्र तीच राहिली. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून तिच्याखालचा भूसंपादनाचा कागद आपोआप स्वच्छ होत नाही.

आता शेताकडे वळू, कारण खेड्यात ‘तारेशिवाय’ याचा पहिला अर्थ घर नसून पंप असतो. राज्य सरकारच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात. नव्या जोडणीची मागणी करणाऱ्याला आता बहुतेक ठिकाणी याच वाटेला लावलं जातं. म्हणजे एचपी ठरतो एकरांवर. पाणी किती खोल आहे ते यात कुठेच येत नाही.

इथे थोडं गणित करावं लागेल. एक युनिट वीज आणि निम्मी कार्यक्षमता असलेला पंप धरला, तर दहा मीटरवरून सुमारे अठरा हजार लिटर पाणी वर येतं. तेच शंभर मीटरवरून अठराशे लिटर. तीन एचपीच्या संचाला तीन किलोवॅटची पॅनेलं असली, तर चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. पांझरेच्या काठी विहिरीत दहा मीटरवर पाणी असलेल्या माणसाला ती दोन लाख लिटरपेक्षा जास्त पाणी देईल. त्याची अडीच एकर मजेत भिजते. आता हाच संच उचलून तापीच्या उत्तरेला, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात न्या. सातपुड्याच्या पायथ्याचा हा गाळाचा प्रदेश एके काळी पाण्याने भरलेला होता. केळीने आणि बोअरवेलांनी त्याची पातळी वर्षानुवर्षं खाली नेली आणि दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जाऊ लागले. शंभर मीटर ही तिथे फार खोल मानण्याची गोष्ट राहिलेली नाही. शंभर मीटरवरून आपला तीन एचपी संच वीस-बावीस हजार लिटर आणेल. ऐन मे महिन्यात केळीच्या एका झाडाला ठिबकवर दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि एकरात दीड हजारांहून जास्त झाडं असतात. एक एकरसुद्धा पुरी भिजत नाही. साडेसात एचपीचा संच लावला तरी दीड-पावणेदोन एकरांवर गाडी अडते, आणि तो मिळतो पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला.

ऊन दोन्हीकडे सारखं. किंबहुना मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ते जास्तच. पण त्यातही मेख आहे. पॅनेलला लागतो उजेड, उष्णता त्याची वैरीण. सेलचं तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं, की दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना पॅनेलची काच आणि आतला सेल पासष्टच्या पुढे सहज जातात. शेकडा सोळा-सतरा तिथेच गेले. म्हणून खान्देशात पॅनेलचा सुगीचा महिना बहुधा फेब्रुवारी-मार्चचा, आणि पिकाची तहान एप्रिल-मेची. त्यात वैशाखातली धूळ. काच पुसायला पाणी लागतं आणि पाणी आणायलाच तर पंप बसवलेला असतो.

तेव्हा पंपापुरती तुलना करायची, तर उन्हाचा नकाशा बाजूला ठेवून विहिरीत दोर सोडावा. हे ज्याला उमगलं ते गाव साक्रीच्याच पश्चिम अंगाला आहे आणि ते सौरऊर्जेसाठी प्रसिद्ध नाही. बारीपाडा. पिंपळनेरच्या पुढे डोंगरात शंभरेक घरांचा हा कोकणा आदिवासींचा पाडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं जंगल राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी, दंड, पाळीपाळीने राखण, उतारावर चर, ओघळींवर बांध. आज अकराशे एकरांच्या आसपासचं जंगल गावाने सांभाळलेलं आहे. २००४ पासून तिथे रानभाज्यांचा उत्सव भरतो आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. या गावाची गोष्ट नेहमी पर्यावरणाच्या रकान्यात छापली जाते. मला ती ऊर्जेच्या रकान्यात छापावीशी वाटते. जंगल वाढलं, पाणी मुरलं, विहिरींना पाझर फुटले. पाणी दहा मीटर वर आलं म्हणजे पंपाची तेवढी वीज कायमची वाचली, आणि या वाचवलेल्या विजेला ना इन्व्हर्टर लागतो ना बॅटरी. जी गावं सौरपंपाच्या रांगेत उभी आहेत त्यांनी आधी बारीपाड्याचे चर पाहून यावेत.

अर्थात जंगलाची सावली छपरावरही पडते. डोंगरातल्या पाड्यावर पॅनेल कुठे लावायचं हा खराखुरा प्रश्न असतो. दरीतल्या घराला सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. नकाशातलं ऊन सपाट माळाचं असतं, त्यात डोंगराची आडवी सावली धरलेली नसते. सकाळ-संध्याकाळचे एक-दोन तास असेच जातात. कुडाच्या भिंती आणि कौलांच्या छपरावर पॅनेलची लोखंडी चौकट नीट बसत नाही, म्हणून ते अंगणात खांबावर चढतं आणि मग शेळ्या, पोरं आणि वादळ, तिघांपासून त्याला जपावं लागतं.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्राची ‘सौभाग्य’ योजना आली. जिथे तार नेणं परवडत नाही अशा दुर्गम घरांना तिच्यातून सौरसंच देण्याची तरतूद होती. दोनशे-तीनशे वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. सातपुड्याच्या पाड्यांवर अशा संचांनी रात्री बदलल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. रॉकेलच्या चिमणीत अभ्यास केलेल्या माणसाला पाच एलईडींचं मोल कुणी शिकवायला नको. पण तीनशे वॅटच्या संचाची मर्यादा स्पष्ट आहे. चांगल्या दिवशी सव्वा युनिट, आषाढात त्याच्या निम्मी. दिवे, पंखा, मोबाइल आणि थोडा वेळ टीव्ही एवढ्यात अर्धा-पाऊण युनिट जातो. पिठाची गिरणी चालत नाही, पंप चालत नाही, वेल्डिंग तर नाहीच. म्हणजे घरात उजेड आला, पण ज्वारी दळायला बाई डोक्यावर पोतं घेऊन डोंगर उतरतेच आहे.

आणि मग बॅटरी. शिसं-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षं जगते, तीही वेळेवर पाणी घातलं आणि तळापर्यंत उपसली नाही तर. घरात लग्न निघालं, रात्रभर दिवे आणि गाणी चालली, की तिचं आयुष्य एका रात्रीत महिन्याने घटतं. नवी घ्यायची तर दहा-पंधरा हजार. ज्या घराला ती मोफत मिळाली होती, त्या घरात ती विकत घेण्याइतका पैसा बहुधा नसतो. देखभालीची पाच वर्षं संपली की संच बंद पडतो आणि अधिकृत आकडेवारीत ते घर ‘विद्युतीकृत’ राहतं.

हे चित्र बदलता येतं याचा पुरावा पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातच आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला आणि धडगाव तालुका तिकडे गेला. त्या तालुक्यात, नर्मदेला मिळणाऱ्या उदय नदीच्या काठी, बिलगाव. सरदार सरोवराच्या बुडिताच्या छायेतला हा भाग; तार तिथे पोचण्याची शक्यता नव्हती. गावाजवळ नदीचा एक धबधबा होता. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या साथीने केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अनिल कुमार आणि सी. जी. मधुसूदनन या अभियंत्यांनी तिथे पंधरा किलोवॅटचा छोटा जलविद्युत संच उभारला आणि गावकऱ्यांनी श्रमदानाने बंधारा-कालवा बांधला. २००३ च्या सुरुवातीला बिलगावच्या पाड्यांवर दिवे लागले. त्याआधी डोमखेडीतही असाच, अगदी लहान प्रयोग झाला होता. अमेरिकेतल्या ‘एड’ या संस्थेचे रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमरी या कामाशी जोडलेले होते. आशुतोष गोवारीकर यांच्या २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये नायक गावात झऱ्यावर वीज करतो, त्यामागे बिलगावचीही प्रेरणा होती, असं म्हटलं जातं. चित्रपटातलं गाव वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालं, त्यामुळे पर्यटक आजही मेणवलीचा घाट पाहायला जातात. बिलगावला कुणी जात नाही.

जाऊन पाहायला उरलंही नाही. ऑगस्ट २००६ च्या पुरात, धरणाची उंची वाढल्यानंतर, तो संच पाण्याखाली गेला. देशातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एकाच्या पाण्याने पंधरा किलोवॅटचं गावाचं वीजघर बुडालं. पण बुडण्याआधीच्या तीन-साडेतीन वर्षांत बिलगावने एक गोष्ट दाखवून दिली होती. यंत्र गावातली पोरं चालवत, प्रत्येक घर ठरलेली वर्गणी देई, दुरुस्तीला शहरातून माणूस येण्याची वाट पाहावी लागत नसे. घरटी संचात हेच नसतं. प्रत्येकाची बॅटरी वेगळी, म्हणून प्रत्येकाचं दुखणं वेगळं आणि कुणाचंच सार्वजनिक नाही.

खान्देशाला ही रीत परकी नाही. पांझरा, मोसम आणि आरम नद्यांच्या खोऱ्यांत तीन-चारशे वर्षं फड पद्धत नांदली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, यंदा उसाला दिलेला फड पुढे दुसऱ्या पिकाला. कुणाला किती पाणी हे जमिनीच्या मालकाने ठरवायचं नाही. ते पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने ठरवायचं. पाटकरी, जागल्या, त्यांच्यावर हवालदार, सगळ्यांच्या वर पंच, आणि पाटकऱ्याची मजुरी शेतकऱ्यांनी पिकातून द्यायची. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा. जो येणार नाही त्याला दंड. नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, पाण्याचा वार बदलला, विहिरी आणि पंप वाढले आणि बहुतेक फड मोडले. काही ठिकाणी पाट आहेत, पाटकरी नाही.

सौरऊर्जेवरच्या परिसंवादांत बॅटरीच्या नव्या रसायनावर तासभर चर्चा होते. लिथियम-फॉस्फेट आली, शिशाच्या तिप्पट टिकते, छान. पाटकऱ्यावर मात्र कुणी बोलत नाही. एखाद्या पाड्यावर सामाईक सौरसंच बसवला, तर आज ढगाळ आहे म्हणून गिरणी बंद ठेवायची, हे कोण ठरवणार? सरपंचाच्या भावाने फ्रिज जोडला तर तो कोण तोडणार? फडाच्या पंचांकडे या प्रश्नांची उत्तरं होती, फक्त ती पाण्याबद्दलची होती. विजेचाही साठा मोजका आणि वाटून घ्यायचा असतो, आणि तो जपला नाही तर शेवटच्या घराला काहीच मिळत नाही. पाटाच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

राज्यात याच्या जवळ जाणारं काही घडतंय ते साताऱ्याच्या पाटण तालुक्यात. मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचं गाव ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. घरांवर, ग्रामपंचायतीवर, पाणीयोजनेवर पॅनेलं. पण ते तारेला जोडलेलं सौरग्राम आहे. दिवसा वीज ग्रिडला द्यायची, रात्री घ्यायची. ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेतही हेच. एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ, तीन आणि पुढे अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान. अशा संचाबाबत एक गोष्ट विकणारे मोठ्याने सांगत नाहीत. बॅटरी नसेल तर तारेतली लाईट गेल्याक्षणी तो भर उन्हातही बंद पडतो. तो तसा बंद पडलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरची वीज झटका देईल. साक्रीच्या पश्चिम भागात पावसाळ्यात दोन-दोन दिवस तार पडलेली असते. तिथे असं छत बिल कमी करतं, अंधार कमी करत नाही. ज्याला खरोखर स्वतंत्र राहायचं त्याला बॅटरी घ्यावीच लागते, आणि तिचा खर्च अनुदानात बसत नाही.

म्हणून मधला रस्ता शोधला गेला तो फीडरचा. राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून सुरू झालेली ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०२३ मध्ये दुसऱ्या रूपात मोठ्या प्रमाणावर आली. उपकेंद्राजवळच काही मेगावॅटचा सौरप्रकल्प, त्याची वीज त्याच उपकेंद्रातल्या शेतीपंपांना, दिवसा. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. बाजरी-मुगावर जगणाऱ्या मुरमाड माळाला हा भाव भरघोस आहे. ग्रामपंचायतीला तीन वर्षं, दरवर्षी पाच लाख. माझ्या मते पंपाच्या बाबतीत हीच योजना सर्वांत शहाणी. खोल पाणी असलेल्या रावेरच्या शेतकऱ्याला तिच्यातून त्याचा जुना मोठा पंप दिवसा चालवता येतो, आणि घरटी पॅनेल पुसत बसण्याची गरज उरत नाही. प्रश्न फक्त गायरानाचा, तो वर आलाच आहे.

तर पुण्याच्या मंडळींना काय सांगायचं? साक्रीच्या पूर्वेला माळ घ्याल तर ऊन भरपूर, सावली नाही, सौरसंच सुखाने चालेल. पाणी आधी पाहा. पिंपळनेरच्या वर डोंगरात घ्याल तर आदिवासी जमिनीचे कायदे आधी पाहा. बिगरआदिवासीला ती जमीन अशी सहज घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तापीकाठी केळीच्या पट्ट्यात घ्याल तर तारेपासून सुटका विसरा. आणि कुठेही घ्या, पहिली चौकशी जवळच्या बाजारगावात इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस आहे का याची करा. साक्रीत, नंदुरबारला, दोंडाईचाला असे मेकॅनिक मिळतात. बहुतेक जण टीव्ही-रेडिओच्या दुकानातून पुढे आलेले. धडगावहून खाली येऊन इन्व्हर्टर दुरुस्त करून न्यायचा तर एक दिवस आणि एक रोजगार जातो. माझ्या लेखी साक्री आणि धडगावमधला खरा फरक हा आहे. उन्हातला फरक त्यापुढे नगण्य.

घरोघरी आणि शेतोशेती बसलेल्या या सगळ्या यंत्रांची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. ‘मागेल त्याला’ योजनेतल्या पंपांच्या दुरुस्तीची हमी पाच वर्षांची, विम्यासह. २०२४ मध्ये बसलेल्या पंपांची ती २०२९ मध्ये संपेल. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देणारी ‘बळीराजा’ योजनाही मार्च २०२९ पर्यंतच आहे. म्हणजे तारेवरच्या शेतकऱ्याचं बिल आणि सौरपंपवाल्याची दुरुस्ती एकाच वर्षी दारात येऊन उभी राहणार. तोवर तालुक्याच्या प्रत्येक सर्कलला एखादा पगारी पाटकरी नेमता येतो का, हे पंचायत समितीच्या बैठकीत आत्ता विचारायला हवं. पुढचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जाईल.